पालिकेच्या खात्यातील पैसा कोणाच्या नावाचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नवे आर्थिक वर्ष जवळ आले की नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांविषयी वाचकांची पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारणारे आहेत: लोकांनी भरलेला आणि सरकारने दिलेला पैसा पालिकेत पोहोचल्यावर त्याच्यावर लक्ष कोण ठेवते, आणि कसे? लेखापरीक्षणाच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावांचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या पालिकेच्या मुदत ठेवी काही कोटींच्या घरात असल्याचे पालिका बैठकीच्या बातमीत वाचले. त्याच बैठकीत बाजारातील गटाराच्या दुरुस्तीला मात्र 'निधी उपलब्ध नाही' असे उत्तर देण्यात आले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? (एक वाचक, डिचोली)

खरी असू शकतात, आणि पुष्कळदा असतातही. बँकेच्या पासबुकात दिसणारी रक्कम वेगळी आणि पालिका मंडळाला आपल्या निर्णयाने खर्च करता येणारी रक्कम वेगळी. गोव्यातील वाचकांना हा फरक समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ज्यांनी आपल्या देवस्थानात महाजन, म्हणजे देवस्थानाचे सभासद म्हणून हिशोब पाहिले आहेत, त्यांना हे ठाऊक असते की जीर्णोद्धारासाठी आलेली देणगी उत्सवाच्या मंडपावर खर्च करता येत नाही, मग दोन्ही रकमा एकाच बँकेत का असेनात. पैशावर तो कशासाठी आला त्याचे नाव लिहिलेले असते. पालिकेच्या पैशावरही असेच नाव असते. पासबुकात मात्र ते छापलेले नसते, ते फक्त हिशोबाच्या वह्यांत असते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पालिकेच्या खात्यात असा नावाचा पैसा किती प्रकारचा असतो ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम बांधील होती: निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर निम्मी घनकचरा व स्वच्छता यांसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम स्थानिक गरजेनुसार खर्च करता येत होती, परंतु तीही पगारासारख्या आस्थापना खर्चासाठी नव्हती. राज्य शासन एखाद्या बाजार इमारतीसाठी किंवा स्मशानभूमीसाठी अनुदान देते तेव्हा ते त्या कामापुरतेच असते, आणि काम रेंगाळले तर रक्कम वर्षानुवर्षे ठेवीत पडून राहते. कंत्राटदारांची सुरक्षा ठेव आणि पालिकेच्या दुकानदारांची अनामत हा मुळात पालिकेचा पैसाच नव्हे, तो परत करायचा असतो. कंत्राटदारांच्या बिलांतून कापलेला आयकर, बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी या रकमा पालिकेच्या हातून केवळ पुढे जाण्यासाठी आलेल्या असतात.

समजुतीसाठी एक काल्पनिक हिशोब मांडतो. एखाद्या पालिकेच्या सर्व खात्यांत मिळून १० कोटी रुपये आहेत. त्यांत अपूर्ण कामांसाठी आलेले शासकीय अनुदान ५ कोटी, वित्त आयोगाची बांधील रक्कम २ कोटी, अनामत व सुरक्षा ठेवी सव्वा कोटी आणि भरणा व्हायच्या कपाती २५ लाख असतील, तर मोकळे पैसे उरले दीड कोटी. पगार, दिव्यांची वीज, कचऱ्याच्या गाड्या आणि इतर नित्य खर्च महिन्याला ७५ लाख असेल, तर दहा कोटींची ही श्रीमंत दिसणारी पालिका वस्तुतः दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून उभी आहे.

मात्र याचा अर्थ 'निधी नाही' हे उत्तर प्रत्येक वेळी स्वीकारावे असा नाही. आपल्या नगरसेवकांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: या ठेवींपैकी बांधील किती, मोकळ्या किती, आणि बांधील रकमांपैकी एखादी गटाराच्या कामाला लागू पडते का? सांडपाणी आणि स्वच्छता यांसाठी आलेली रक्कम पडून असेल आणि बाजारातील गटार तुंबलेले असेल, तर अडचण निधीची नसून प्रस्ताव वेळेवर तयार न करण्याची आहे.

याच्या उलट घडते तेव्हा ते अधिक गंभीर असते. माझ्या नोकरीच्या काळात एका पालिकेचे हिशोब तपासताना एका प्रकल्पाचे अनुदान चालू खात्यात नित्याच्या पैशांत मिसळलेले आढळले. प्रकल्पाची निविदा निघून पहिले बिल येईपर्यंत त्यातील मोठा हिस्सा पगारांत गेला होता. कोणी एक पैसाही घरी नेलेला नव्हता आणि प्रत्येक व्हाउचरवर योग्य सही होती. तरीही काम अर्धवट थांबले, आणि ज्या वस्तीसाठी ते होते तिथल्या लोकांनी पुढचे दोन पावसाळे चिखलात काढले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की बांधील अनुदानाला स्वतंत्र बँक खाते असावे आणि त्यावरचे व्याजही त्याच नावाने जमा व्हावे.

मुदत ठेवींविषयी आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे, ती म्हणजे त्या कोणत्या बँकेत आहेत. म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा जुलै २०२१ मध्ये रद्द केला, हे गोवेकर विसरलेले नाहीत. ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत फार तर ५ लाख रुपयांचे असते. कुटुंबाच्या बचतीला ते बऱ्याच अंशी पुरे पडते, कोटींच्या सार्वजनिक ठेवीला मुळीच नाही. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सार्वजनिक पैसा कमकुवत बँकेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पालिकेचे अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार नेमका कोणाचा? नगराध्यक्षांचा, मुख्याधिकाऱ्यांचा की सरकारचा? आणि सामान्य व्यापाऱ्याला त्यात काही म्हणता येते का? (एक व्यापारी, म्हापसा)

गोव्यात पणजीची महानगरपालिका सोडली तर १३ नगरपालिका आहेत आणि त्यांचा कारभार गोवा नगरपालिका अधिनियम, १९६८ या कायद्याने चालतो. मुख्याधिकारी हे शासनाने नेमलेले अधिकारी असतात. हिशोब विभागाच्या मदतीने अंदाजपत्रकाचा मसुदा ते तयार करतात. स्थायी समिती तो पाहते, पालिका मंडळ त्यावर चर्चा करून ठराव करते, आणि पुढे नगरविकास संचालनालयाची त्यावर देखरेख असते. म्हणजे मसुदा प्रशासनाचा, मंजुरी लोकप्रतिनिधींची आणि तपासणी शासनाची अशी ही विभागणी आहे. मंजुरीनंतर एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळवायची झाल्यास त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, आणि त्यासाठीही रीतसर ठराव लागतो.

व्यापारी म्हणून आपण अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेतील तीन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून वाचावेत: गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रांत तिसऱ्या स्तंभाची बातमी येते. सत्य पहिल्या स्तंभात असते. घरपट्टी, दुकानभाडे आणि परवाना शुल्क यांची वसुली प्रत्यक्षात जेवढी झाली त्याच्या दीडपट किंवा दुप्पट रक्कम येत्या वर्षी जमा होईल असे धरलेले आढळले, तर समजावे की खर्चाची बाजू आधी ठरली आणि जमेची बाजू तिच्या मापाने शिवली. असे अंदाजपत्रक कागदावर शिलकी असते आणि डिसेंबरमध्ये कंत्राटदारांची बिले थकू लागतात. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हे तीन आकडे दाखवून लेखी उत्तर मागावे, आणि ते ठरावाच्या बैठकीपूर्वी मागावे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका छोट्या गावात राहते. तिथल्या शाळेच्या इमारतीसाठी गावाने रोखे (व्याजाने कर्ज उभारण्याचे कागद) काढले आणि त्याच्या खर्चावर नागरिकांची समिती लक्ष ठेवते, असे ती सांगते. गावातील सामान्य माणसे कोट्यवधी डॉलरच्या हिशोबावर देखरेख कशी करतात, हे जाणून घ्यायला आवडेल. (एक निवृत्त शिक्षिका, कुडचडे)

आपल्या मुलीचे गाव ज्या परंपरेत येते ती टाउन मीटिंगची परंपरा आहे. त्या राज्यातील सहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांत नोंदणीकृत मतदार स्वतः सभेला येतात, अंदाजपत्रकाच्या बाबींवर मत देतात आणि तो निर्णय गावाला बंधनकारक असतो. कर्ज काढायचे असेल तर साधे बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मते लागतात. कारण उघड आहे. या वर्षीचा खर्च या वर्षीचे करदाते फेडतात, पण वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते आज शाळेत जाणारी मुले मोठी होऊन फेडणार असतात, म्हणून त्याला अधिक व्यापक संमती हवी.

सभेपूर्वी सगळे कागद तपासण्याचे काम वित्त समिती करते. तिचे सदस्य गावचेच रहिवासी असतात, परंतु गावाच्या प्रशासनात पद असलेल्यांना सहसा तिच्यात बसता येत नाही. त्यांच्यापाशी खर्चाचा अधिकार जवळपास नसतो. त्यांचे काम प्रश्न विचारणे आणि प्रत्येक प्रस्तावावर आपली शिफारस मतदारांपुढे मांडणे हे असते. त्या समितीत निवृत्त मुख्याध्यापक, सुतारकाम करणारा गृहस्थ, बँकेत नोकरी करणारी बाई अशी माणसे बसू शकतात. हिशोबावर लक्ष ठेवायला सनदी लेखापालच लागतो असे नाही. चिकाटी आणि दर महिन्याला येऊन बसण्याची तयारी मात्र लागते.

रोख्यांच्या पैशावरील देखरेखीचा सर्वांत स्पष्ट नियम कॅलिफोर्नियात आहे. तेथे नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी प्रस्ताव क्रमांक ३९ मंजूर केला. त्यानुसार शाळांच्या बांधकामासाठीचे रोखे ५५ टक्के मतांनी मंजूर होऊ शकतात, परंतु त्या सवलतीच्या बदल्यात अटी आहेत: कामांची यादी मतदानापूर्वी जाहीर करावी, पैसा पगारांवर वा इतर चालू खर्चावर वापरू नये, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे, आणि किमान सात सदस्यांची नागरिक देखरेख समिती नेमावी. त्या शाळा मंडळाचा कर्मचारी, पदाधिकारी, पुरवठादार, कंत्राटदार किंवा सल्लागार समितीत असू शकत नाही. पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यावसायिक आणि करदात्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी असावे लागतात. ज्याला पैसा मिळणार त्याने पैसा तपासायचा नाही, हा त्यातला गाभा मला फार मोलाचा वाटतो.

याला जोड आहे ती अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्याची. करमुक्त व्याजाचे रोखे काढणाऱ्या गावाने सर्वसाधारणपणे तीन वर्षांत ८५ टक्के रक्कम कामावर खर्च होईल अशी वाजवी अपेक्षा दाखवावी लागते. स्वस्तात घेतलेले कर्ज बाजारात गुंतवून वरचे व्याज कमवत बसण्याची मुभा त्यांना नाही. आपल्याकडे अनुदाने पाच-पाच वर्षे ठेवीत पडून राहतात आणि त्याला कोणी काटकसर म्हणते, तेव्हा मला या नियमाची आठवण होते.

अर्थात तिथे सर्व आलबेल आहे असे समजू नये. कॅलिफोर्नियातील ऑरेंज कौंटी या जिल्ह्याच्या कोषाध्यक्षाने शहरांचे आणि शाळांचे एकत्रित पैसे कर्ज काढून जोखमीच्या गुंतवणुकीत घातले आणि डिसेंबर १९९४ मध्ये कौंटीने दिवाळखोरी जाहीर केली. नुकसान दीड अब्ज डॉलरहून अधिक होते. चांगले व्याज मिळत होते तोवर फारसे कोणी विचारले नव्हते.

प्रश्न : पुणे महानगरपालिकेने रोखे काढले, मग गोव्यातील नगरपालिका का काढू शकत नाहीत? (वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी, फोंडा)

कायद्याने दार बंद नाही. स्थानिक संस्थांनी कर्ज घेण्याविषयी १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम आहे आणि त्यानुसार शासनाची पूर्वमंजुरी लागते. रोखे बाजारात विकायचे असतील तर सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेची २०१५ ची नियमावली लागू होते. पालिकेने त्याआधी कर्जफेडीत कसूर केलेली नसावी, हिशोब राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेच्या धर्तीवर ठेवलेले असावेत, जमवलेला पैसा स्वतंत्र खात्यात राहावा आणि माहितीपत्रकात लिहिलेल्या प्रकल्पावरच खर्च व्हावा, अशा तिच्या अटी आहेत. म्हणजे पहिल्या उत्तरात मी ज्याला पैशाचे नाव म्हटले, ते रोख्यांच्या बाबतीत नियमाने पैशाला चिकटवून ठेवलेले असते.

आपल्या देशातला इतिहास थोडक्यात असा. बंगळूरने १९९७ मध्ये राज्याच्या हमीवर रोखे काढले. अहमदाबादने १९९८ मध्ये हमीशिवाय १०० कोटी रुपये उभे केले. पुण्याने जून २०१७ मध्ये अखंड पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये घेतले. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित (पर्यावरणपूरक कामांसाठीचे) रोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले, आणि त्यातून होणारा सौर प्रकल्प नर्मदेचे पाणी शहरापर्यंत उचलून आणण्याच्या विजेसाठी आहे. केंद्र शासनाने प्रोत्साहन म्हणून दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी रुपये देण्याची योजनाही आणली.

या नावांकडे पाहा. सगळी मोठी शहरे आहेत. पतमानांकन, सल्लागार, विश्वस्त, नोंदणी यांचा खर्च रोखे वीस कोटींचे असोत वा दोनशे कोटींचे, फारसा कमी होत नाही. छोट्या गावाला तो परवडत नाही. लहान गावांसाठी खरा धडा तामिळनाडूने घालून दिला आहे. तेथे या शतकाच्या सुरुवातीला डझनाहून अधिक लहान पालिकांच्या पाणी व सांडपाणी योजना एकत्र करून सामायिक निधीमार्फत सुमारे ३० कोटींचे रोखे काढण्यात आले. एकेकट्या पालिकेची पत बाजाराने मानली नसती, सर्वांची मिळून मानली. कर्नाटकात बंगळूरभोवतीच्या आठ पालिकांसाठी २००५ मध्ये असेच १०० कोटी उभे झाले.

गोव्यासाठी कधी असा विचार झालाच तर तो एकत्रित मार्गानेच व्हावा असे मला वाटते. त्याहून आधी एक प्रश्न सोडवावा लागेल. कर्ज फेडायचे ते स्वतःच्या उत्पन्नातून, आणि ज्या पालिकेच्या घरपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षे वाढत आहे तिला कर्ज देणारा पहिला प्रश्न त्याच थकबाकीचा विचारील. कर्ज ही वाईट गोष्ट नाही. पन्नास वर्षे टिकणारी मलनिस्सारण वाहिनी एका वर्षाच्या घरपट्टीतून बांधावी अशी अपेक्षा अन्यायाची आहे. पण पगारासाठी किंवा थकलेल्या बिलांसाठी कर्ज काढणे म्हणजे मुलांच्या ताटातले आज वाढून घेणे होय. वाणिज्याचे विद्यार्थी म्हणून आपण रोख्यांचा व्याजदर बघालच, त्यासोबत परतफेडीसाठी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम कुठून येणार आहे हेही माहितीपत्रकात शोधावे.

प्रश्न : मी प्रथमच नगरसेविका म्हणून निवडून आले आहे. बैठकीत हिशोबाचे कागद समोर येतात, ते मंजूर करून पुढचा विषय घेतला जातो. मला हिशोबाचे शिक्षण नाही. मी काय पाहावे? (एक नगरसेविका, काणकोण)

आपण हा प्रश्न विचारला याचे मला मनापासून समाधान वाटले. आपले शिक्षण किती हे बाजूला ठेवा. घरचा महिन्याचा खर्च जिने सांभाळला आहे तिला पालिकेचा हिशोब समजतो, फक्त कागद योग्य मागावे लागतात.

दर महिन्याला सर्वप्रथम बँक ताळमेळ मागा. रोखवहीत शिल्लक किती, बँकेच्या खात्यात किती, आणि फरक असेल तर तो कोणत्या धनादेशांमुळे, हे त्या एका पानावर असते. सहा महिने जुने धनादेश वठलेले नाहीत असे दिसले, किंवा ताळमेळच गेल्या मार्चपासून झालेला नाही असे उत्तर आले, तर बाकीच्या कुठल्याही आकड्यावर विसंबून राहू नका. माझ्या अनुभवात गैरव्यवहार असो की निव्वळ गलथानपणा, त्याचा पहिला मागमूस इथेच लागतो. हे पान मागणाऱ्या नगरसेवकाकडे सुरुवातीला थोडे नाराजीने पाहिले जाते, पण दोन-तीन महिन्यांनी ते न मागता फाइलला लागू लागते.

त्यानंतर बांधील रकमांचा तक्ता मागा. प्रत्येक अनुदान कधी आले, कशासाठी, किती खर्च झाले, किती उरले, आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, पाठवले की नाही. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते. ते अडले की पुढचा हप्ता अडतो, आणि मग गावात सांगितले जाते की सरकार पैसे देत नाही. या तक्त्यातील सर्व शिल्लक रकमांची बेरीज करा आणि ती बँकेतील एकूण रकमेशी ताडून पाहा. बेरीज बँकेतील रकमेपेक्षा जास्त आली, तर बांधील पैसा दुसरीकडे खर्च झालेला आहे. ही बेरीज करायला पाच मिनिटे लागतात. माझ्या दृष्टीने पालिकेच्या हिशोबातील ती सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटे आहेत.

कामांच्या बिलांविषयी एवढेच सांगतो की मोजमाप पुस्तिकेतील लांबी-रुंदी आणि प्रत्यक्ष रस्ता यांची गाठ घालून द्या. आपल्या प्रभागातील एखादे काम निवडा, अभियंत्याला सोबत घ्या आणि टेप लावून पाहा. वर्षातून दोनदा असे केले तरी त्याचा परिणाम उरलेल्या सर्व कामांवर होतो. आणि लेखापरीक्षकाचा अहवाल आला की त्यातील आक्षेपांची यादी बैठकीपुढे ठेवण्याचा आग्रह धरा. एकच आक्षेप पाच अहवालांत 'पुढील अनुपालन अपेक्षित' म्हणून पुन्हा पुन्हा छापलेला असतो, आणि तो मिटवण्याची जबाबदारी कोणाकडेही दिलेली नसते. प्रत्येक आक्षेपापुढे एका अधिकाऱ्याचे पद आणि एक तारीख लिहून घ्यावी.

आपली सही ज्या ठरावावर आहे त्याची प्रत आपल्याजवळ ठेवत जा. आपण विरोध नोंदवला असेल तर तो कार्यवृत्तात आला आहे की नाही हे पुढच्या बैठकीच्या आरंभी, कार्यवृत्त कायम होण्यापूर्वी तपासा.

प्रश्न : बाजारातील सोपोचे (विक्रेत्यांकडून बसण्याच्या जागेसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्काचे) पैसे पालिकेच्या एकूण हिशोबात क्षुल्लक असतात, त्यावर एवढी भांडणे का होतात? (एक वाचक, मडगाव)

रक्कम लहान दिसली तरी सोपो हा मोकळा पैसा आहे, त्याच्यावर कोणत्याही योजनेची अट नाही, आणि म्हणून छोट्या पालिकेला तो लाखमोलाचा असतो. रोजच्या भाजीवाल्यांकडून, शुक्रवारच्या बाजारातून आणि फेस्त-जत्रांच्या फेरीतून तो रोखीने येतो, आणि रोखीचा पैसा पावतीवाचून फार लवकर विरघळतो. वसुली ठेक्याने दिली असेल तर ठेकेदाराने लिलावाची रक्कम हप्त्याने भरली की नाही आणि त्याची सुरक्षा ठेव थकबाकीला पुरेल एवढी आहे की नाही, या दोन गोष्टी पाहाव्यात. विक्रेत्यांनी छापील, क्रमांकित पावती मागावी. कित्येक बायका टोपलीमागे पैसे देतात आणि पावती मागायला संकोचतात. त्यांच्या वतीने ती मागायचे काम गिऱ्हाइकानेही करावे.

प्रश्न : माहिती अधिकारात पालिकेकडे काय मागावे? मी 'सर्व हिशोब द्या' असा अर्ज केला होता, तो माहिती विस्तृत असल्याचे सांगून परत आला. (एक वाचक, वाळपई)

माहितीच्या हक्काचा कायदा करणाऱ्या देशातील पहिल्या राज्यांत गोवा आहे. आपला कायदा १९९७ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यातील कलम ४ नुसार अंदाजपत्रकातील तरतुदी, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेल्या रकमांचे अहवाल सार्वजनिक संस्थेने न मागता प्रसिद्ध करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगानेही अनुदानासाठी मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब संकेतस्थळावर ठेवण्याची अट घातली होती. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी जे आधीच उघड असायला हवे ते पाहून घ्यावे, आणि नसल्यास अर्जात कलम ४ चा उल्लेख करावा.

'सर्व हिशोब' मागू नका. १० रुपयांच्या शुल्कासह नेमके कागद मागा: गेल्या ३१ मार्चचा सर्व खात्यांचा बँक ताळमेळ, त्याच तारखेस असलेल्या मुदत ठेवींची बँकनिहाय यादी, न खर्चलेल्या अनुदानांचा तक्ता, आणि शेवटच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत त्यावरील अनुपालनासह. ही माहिती तयार करावी लागत नाही, ती फाइलमध्ये असतेच, म्हणून नकार देणे कठीण जाते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, आणि तेही फसल्यास पणजीतील राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. कागद हाती आले की वर काणकोणच्या नगरसेविकेला सांगितलेली बेरीज आपणही करून पाहा: न खर्चलेली अनुदाने आणि अनामत रकमा एका बाजूला, बँकेतील एकूण शिल्लक दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू दुसरीपेक्षा जास्त भरली तर तो कागद घेऊन आधी मुख्याधिकाऱ्यांना भेटा आणि त्यांचे स्पष्टीकरण लेखी घ्या.